नावासकट विरोध

वेंगुर्ल्याच्या गंगाधरपंत नाबरांनी इंग्रजी अमदानीत गावात शाळा चालवली आणि लाटसाहेबाच्या स्तुतीचे कवन मुलांकडून घोकून घेण्याचे नाकारल्यामुळे ती बंद झालेली पाहिली. त्यांचे चिरंजीव दत्ताराम नाबर यांनी भूगोल शिकवला, तोही बंदराच्या धक्क्यावर मुलांना उभे करून, बोटाने क्षितिज दाखवत. दत्तारामांचे चिरंजीव मनोहर नाबर पुण्यात पाठ्यपुस्तकांच्या कामावर होते. एका पुढाऱ्याच्या वडिलांवरचा धडा चौथीच्या पुस्तकात घालण्यास ते राजी झाले नाहीत, आणि मग उरलेली नोकरी त्यांनी कोठारात पुस्तकांचे गठ्ठे रचून घेण्यात काढली. या मनोहर नाबरांची थोरली लेक म्हणजे सुचित्रा केरकर. नाबरांच्या घरात जमीनजुमला कधी नव्हता. वाट्याला आला तो ताठ कणा, आणि तो लेकीच्या पाठीतही तितकाच ताठ उतरला होता.

सुचित्राबाई नवऱ्याचा हात धरून हॉलंडात आल्या तेव्हा व्हिसावर त्यांची ओळख 'अवलंबून असलेली पत्नी' अशी होती. तो शब्द त्यांनी वाचला, ओठ घट्ट मिटले आणि दुसऱ्या आठवड्यात डच भाषेच्या वर्गाला नाव घातले. आज त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. फोरबर्गच्या शाळेत डच मुलांच्या दोन पिढ्यांना त्यांनी डच इतिहास शिकवला होता. सुती साडी, वर लोकरी कोट आणि खाली सायकल, अशी त्यांची मूर्ती फ्लीत कालव्याच्या पुलावर दिसली की आडदांड पोरेसुद्धा कानातली बोंडे काढून "खूदेमॉर्खन, मेफ्राऊ", म्हणजे 'सुप्रभात, बाईसाहेब', म्हणत.

अशा बाईंना देशाचा शालेय अभ्यासक्रम नव्याने लिहिणाऱ्या समितीवर बोलावणे आले, यात नवल नव्हते. इतिहासाच्या गटात सात सदस्य होते. बैठका हेगमधल्या एका काचेच्या इमारतीत भरत. गटाचा एक नियम पहिल्याच दिवशी अध्यक्ष दे हान यांनी वाचून दाखवला होता, आणि वाचकांनीही तो ध्यानात ठेवावा. मसुद्याला एका सदस्याने विरोध केला तर तो इतिवृत्तात नोंदला जाऊन तिथेच राही. दोघांनी नावासकट विरोध केला, तर तो मसुद्याला जोडून संसदेपुढे ठेवावा लागे.

पहिले काही महिने काम सरळ चालले. सुचित्राबाईंनी डच व्यापारी कंपनीवरच्या भागात एक वाक्य लिहिले होते: 'कंपनीने आशियाच्या किनाऱ्यांवर मालाप्रमाणे माणसेही विकत घेतली आणि विकली, हा इतिहास विद्यार्थी त्या माणसांच्या बाजूनेही सांगू शकतो.' सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग निवडणूक झाली, सरकार बदलले, आणि नव्या मंत्र्यांच्या कचेरीला वाटू लागले की अभ्यासक्रम फार लांबला आहे, शिक्षकांवर भार पडतो आहे, भाषा सोपी करावी. त्यासाठी बाहेरचे सल्लागार नेमले गेले. ग्रोटफेल्ड नावाच्या कंपनीकडून जो सल्लागार आला, त्याने बैठकीत डचमध्ये नमस्कार केला, आणि चहाच्या सुट्टीत सुचित्राबाईंसमोर वाकून शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाला, "मी शैलेंद्र गुर्जर. मावशी, तुमच्याविषयी इथल्या मराठी मंडळात इतकं ऐकलंय! आज प्रत्यक्ष पाया पडायला मिळालं."

परक्या मुलखात आपल्या भाषेचा शब्द कानी पडला की शहाण्या माणसाचीही अर्धी शुद्ध हरपते. सुचित्राबाई प्रसन्न झाल्या.

पुढच्या बैठकीत त्यांचे वाक्य निम्मे झालेले होते. 'मालाप्रमाणे माणसेही' गेले होते आणि तिथे 'व्यापाराचे मानवी परिणाम' आले होते. त्याच्या पुढच्या बैठकीत एवढेच उरले: 'विद्यार्थी जागतिक व्यापाराचे फायदे आणि तोटे सांगू शकतो.'

कोणी बदलले? कोणी सांगितले? शैलेंद्र पडद्यावर मसुदा दाखवत गोड आवाजात म्हणाला, "सदस्यांच्या सूचनांनुसार भाषा सोपी केली आहे." कोणत्या सदस्यांच्या, ते तो बोलला नाही.

"मला हे मान्य नाही," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून बाईंची शाळेतली जुनी सहकारी यान्नेके बोसमन म्हणाली. "लिहून घ्या."

अध्यक्षांनी मान हलवून टाचण केले आणि विचारले, "आणखी कोणाला काही म्हणायचे आहे?"

सुचित्राबाईंना पुष्कळ म्हणायचे होते. पण समोर उभा होता तो आपला पोरगा, चार डच माणसांत एकटा, कपाळावर घामाचे दोन थेंब. चार लोकांत, तेही परक्यांपुढे, आपल्याच माणसाचा पाणउतारा करावा? नाबरांच्या घरात असे कोणी शिकवले नव्हते. चूक दाखवायची ती दाराआड. त्या गप्प राहिल्या, आणि बैठक संपल्यावर शैलेंद्रला लिफ्टजवळ गाठून त्यांनी फैलावर घेतले.

"काय रे, हे फायदे-तोटे म्हणजे काय? माणसं विकली त्याचे फायदे लिहायला लावणार आहेस पोरांना?"

"मावशी, अगदी बरोबर आहे तुमचं," शैलेंद्र कानाच्या पाळीला हात लावत म्हणाला. "मी बघतो ना. पुढच्या draft मध्ये आणतो परत. तुम्ही फक्त मला सांगत जा, मी आहे इथे."

हे असे एकदा नव्हे, हिवाळाभर चालले. बैठकीत बाईंचे मौन, लिफ्टजवळ मराठीतून कानउघाडणी, शैलेंद्रचे "बघतो ना", आणि पुढच्या मसुद्यात वाक्य आणखी एका बाजूने कुरतडलेले. पाणी कुठेतरी मुरत होते. सुचित्राबाई सायकलवरून घरी येताना गटातल्या एकेका सदस्याचा चेहरा मनात उभा करत आणि त्याच्या डोळ्यांत पाहत.

मार्चमध्ये त्यांनी शैलेंद्रला जेवायला बोलावले. बाजारातल्या गाड्यावरचे ताजे मॅकरेल आणून त्यांनी बांगड्यासारखे तिखले केले, सोलकढी केली. अंबरीशराव, म्हणजे बाईंचे यजमान, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरात बोलण्याचे काम बाईंवर आणि चिमटे काढण्याचे काम स्वतःवर ठेवून होते.

"वाढ, वाढ त्याला," ते म्हणाले. "बिचाऱ्याला वाक्यं खाऊन खाऊन अजीर्ण झालं असेल. जरा मासा खाऊ दे."

शैलेंद्र मोकळेपणाने हसला. "काका, मी नुसता वाढपी आहे हो. स्वयंपाक दुसरेच करतात."

"कोण करतं?" सुचित्राबाईंनी डाव हातात तसाच धरून विचारले.

शैलेंद्रने सोलकढीचा घोट घेतला, वाटी खाली ठेवली. "मावशी, नाव घ्यायला मला आवडत नाही. पण तुम्ही ज्यांना मैत्रीण समजता ना... मीटिंगमध्ये विरोध करायचा, आणि बाहेर वेगळं बोलायचं, अशीही माणसं असतात. यान्नेके बाईंचं मंत्र्यांच्या ऑफिसात जाणं-येणं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय कॉफी घेताना. बास. जास्त मी बोलणार नाही."

बाईंनी डाव पातेल्यात ठेवून दिला.

यान्नेके! ज्या काळी सुचित्रा केरकर शिकाऊ शिक्षिका होती, तेव्हा शाळेच्या पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले होते की, बाई सज्जन आहेत, पण आमच्या मुलांना आमचा इतिहास परदेशी माणसाने शिकवावा हे आम्हाला पटत नाही. मुख्याध्यापक जमिनीकडे पाहत होते. बाईंना भूगोलाच्या साहाय्यकाचे काम द्यावे असा तोडगा निघाला, आणि कोणाची हरकत नाही ना, असे विचारले गेले. सभागृहात शांतता. तेव्हा मागच्या रांगेतून त्याच शाळेतली, लाल स्वेटर घातलेली एक उंच शिक्षिका उठली आणि म्हणाली, "माझा विरोध आहे. नावासकट लिहा. यान्नेके बोसमन." तिच्याशी सुचित्राचे तोवर धड बोलणेही झाले नव्हते. ठराव बारगळला, सुचित्राला वर्ग मिळाला. आणि यान्नेकेला मिळणार असलेले विभागप्रमुखाचे पद दुसऱ्याकडे गेले. ट्रामच्या थांब्यावर सुचित्राने तिचे आभार मानू पाहिले तेव्हा ती म्हणाली होती, "आभार कसले मानतेस? माझी अशी वेळ आली की तूही उठ, म्हणजे झालं."

ती वेळ कधी आली नाही. ऋण तसेच राहिले. आणि आता हा पोरगा म्हणत होता की तीच यान्नेके ताकाला जाऊन भांडे लपवते आहे.

शैलेंद्रने विषय बदलला. "मावशी, तुमचं माहेर वेंगुर्ल्याचं ना? तिथे डचांची वखार आहे म्हणे?"

मग काय विचारता! बाईंनी पणजोबांची शाळा सांगितली, आजोबांचा धक्का सांगितला, वखारीच्या पडक्या भिंतींत आजोबा लहानपणी शिवाशिवी खेळत ते सांगितले. अंबरीशराव हळूच म्हणाले, "आता गोड वाढायला उशीर होणार."

"मावशी, विचार करा," शैलेंद्र पुढे झुकला. "या देशातल्या प्रत्येक मुलाच्या पुस्तकात वेंगुर्ला! नमुना पाठ म्हणून. एक बंदर, एक वखार, दोन देशांचं नातं. असं काही सुचवलं तर?"

बाई गोडाचे पातेले आणायला उठल्या. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सोनेरी केसांचे एक पोर पुस्तकावर बोट ठेवून अडखळत वाचू लागले, "वें-गुर्-ला". मोह हा असाच येतो, आपल्याच माहेरचा रस्ता विचारत.

एप्रिलमध्ये एका वर्तमानपत्रात छापून आले की, नव्या अभ्यासक्रमातून नकोसा इतिहास गुपचूप गाळला जात आहे. काचेच्या इमारतीत कुजबुज पसरली. बातमी कोणी फोडली? सगळ्यांच्या नजरा यान्नेकेकडे वळल्या. ती आता सुचित्राबाईंपाशी थांबत नसे. समोर आली तरी नुसता "दाख" असा नमस्कार टाकून तोंड फिरवी. बाईंनी मनात म्हटले, चोराच्या मनात चांदणे.

त्याच आठवड्यात बैठकीपूर्वी मंत्र्यांचा राजकीय सल्लागार कॉफीयंत्रापाशी बाईंना भेटला. पांढरे बूट घातलेला बास नावाचा तिशीतला तरुण, चेहरा साईसारखा गुळगुळीत.

"मेफ्राऊ केरकर! तुमच्या त्या बंदराची कल्पना आम्हाला फार आवडली. आजोबा पडक्या भिंतींत शिवाशिवी खेळायचे, हो ना? किती सुंदर! व्यापाराची अशी उबदार बाजू मुलांना दाखवायला हवी."

सुचित्राबाईंनी कप यंत्राशेजारी ठेवला. शिवाशिवीची गोष्ट त्यांनी आपल्या टेबलावर, आपल्या भाषेत, आपल्या पानावर जेवणाऱ्याला सांगितली होती.

"तुम्हाला कोणी सांगितले?" त्यांनी शांतपणे विचारले.

"शैलेंद्रने. तो किती मदत करतो! गेल्या वर्षी आमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यातला शिक्षणाचा भाग त्यानेच लिहून दिला." बासला यात लपवण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही. "सुरुवातीला आम्हाला तुमची काळजी होती, खरे सांगतो. पण तो म्हणाला, मेफ्राऊ केरकर आमच्या बाजूच्या आहेत, त्या खाजगीत मला सगळे सांगतात. आणि खरेच, तुम्ही एकाही बैठकीत हरकत घेतली नाहीत."

"आणि यान्नेके बोसमन? तुमच्याकडे कॉफीला येतात म्हणे."

"आल्या होत्या एकदा. तुमचे वाक्य परत घाला म्हणून अर्धा तास भांडून गेल्या. कॉफी अर्धवट टाकली."

त्या दिवशी बाईंनी बैठकीत काय चालले ते ऐकले नाही. घरी येऊन ताकाच्या खोक्यातून पेला भरला आणि तो हातात धरून बसून राहिल्या. मुलगी अमृता आर्नहेमहून आली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि आईसमोर खुर्ची ओढली.

"आई, पण तू मीटिंगमध्ये का नाही बोललीस? तुला माहितीये ना इथलं. जे टेबलावर नाही ते नाहीच. शाळेत तर तू सगळ्यांची सालटी काढतेस!"

"तिथे आपलं कुणी नव्हतं ग. इथे तो होता. चार गोऱ्यांसमोर त्याला कसं बोलू?"

"म्हणजे, त्याची लाज तू झाकलीस," अंबरीशराव खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि त्याने तुझं मौन विकलं."

अमृता वडिलांवर डाफरली, "बाबा, प्लीज!" पण बाईंनी हात वर केला. "खरं तेच बोलतायत. गोगलगाय नि पोटात पाय. कुंपण म्हणून ज्याला लावलं त्यानेच शेत खाल्लं, आणि मी त्याला वर तिखलं वाढलं!"

शनिवारी त्यांनी शैलेंद्रला फ्लीतच्या काठी बोलावले. घरी नाही. त्यातच त्याला काय ते कळले असावे, कारण या वेळी तो पाया पडला नाही.

"मावशी, मी एक शब्दही खोटा बोललेलो नाही," तो म्हणाला. "तुम्ही मीटिंगमध्ये object केलंत का कधी? नाही. मग minutes मध्ये मी काय लिहायचं? लिफ्टपाशी मावशी रागावल्या, असं?"

"आणि यान्नेकेबद्दल?"

"कॉफी घेताना पाहिलं म्हणालो. पाहिलंच होतं."

"वा! सत्याला इतकं सोलून खाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

त्याचा चेहरा उतरला. कालव्यातून एक बोट गेली, तिच्यावरच्या माणसाने दोघांना हात केला, आणि सवयीने दोघांनीही हात केला. "मावशी, मी कंत्राटी माणूस आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आज हे सरकार, उद्या ते. मला सांगतात छोटं कर, मी छोटं करतो. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार मला? आणि तुमचं काय नुकसान झालं सांगा? तुमच्या पणजोबांचं गाव लाखो मुलांच्या पुस्तकात येतंय. यान्नेके बाई तशाही चालल्यात. मंगळवारी अध्यक्ष त्यांना स्वतःहून बाजूला व्हायला सांगणार आहेत. पेपरातली बातमी त्यांनीच फोडली, असं सगळे धरून चाललेत."

"फोडली का तिने?"

शैलेंद्रने खांदे उडवले. बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. यान्नेके गेली की तिचा विरोध तिच्याबरोबर जाणार, दोन नावे कधीच जुळणार नाहीत आणि मसुदा संसदेपुढे गुळगुळीत होऊन पोचणार. मग बातमी फोडून फायदा कोणाचा झाला? हा प्रश्न बाईंच्या मनात उठला आणि तिथेच राहिला. त्याचे उत्तर पुढेही कोणाला मिळाले नाही.

"मावशी, हे सगळं आपल्यात राहू दे," शैलेंद्र म्हणाला.

"आपल्यात खूप राहिलं रे," सुचित्राबाई सायकलचे स्टँड पायाने उडवत म्हणाल्या. "आता जे काय ते टेबलावर."

मंगळवारी त्या लवकर पोचल्या. यान्नेके इमारतीबाहेर, आपल्या जुन्या सायकलीला साखळी घालत होती. तिचे केस आता पार पांढरे झाले होते. स्वेटर मात्र अजून लालच.

"यान्नेके, बातमी तू दिलीस का?"

ती सावकाश सरळ झाली. "तू मला हे विचारतेस? मी दिली असती तर खाली माझी सही असती."

एवढ्या एका वाक्याने बाईंची खात्री पटली. ज्या बाईने पूर्ण सभागृहात आपले नाव ओरडून लिहायला लावले, ती नाव लपवून काही करील, हे आपल्या मनात तरी कसे आले?

"मीही तुला एक विचारू?" यान्नेके म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "ते वाक्य तू लिहिलेले. ते वाचवायला मी भांडते, आणि तू समोर बसून पेन्सिलीशी खेळतेस. मला वाटले, तुला काहीतरी मिळाले असावे."

"मिळत होते," सुचित्राबाई म्हणाल्या. "एक बंदर."

यान्नेकेला काही उमगले नाही. पण समजावत बसायला वेळ नव्हता, आणि दाराआडच्या बोलण्याचा बाईंना आता वीट आला होता.

आत सातही सदस्य जमले. भिंतीला टेकून बास उभा, पडद्यापाशी शैलेंद्र. अध्यक्ष दे हान यांनी चष्मा पुसला. गटातील विश्वासाचे वातावरण, नाजूक परिस्थिती, असे बरेच बोलून झाल्यावर ते म्हणाले की, मेफ्राऊ बोसमन यांनी गटाच्या हितासाठी आजपासून बाजूला व्हावे असे सुचवण्यात येत आहे. इतर सदस्य एकमताने तसे म्हणत असतील तर तसे करता येते.

"कोणाची हरकत नाही ना?"

शांतता. तीच ती जुनी शांतता, फक्त खुर्च्या बदललेल्या. एक सदस्य पाण्याचा पेला न्याहाळत होता, दुसरी नखे. शैलेंद्र पडद्याकडे पाहत होता. आणि सुचित्राबाईंना एकाएकी जाणवले की त्यांच्या पाठीशी तीन माणसे उभी आहेत, धोतरातली दोन आणि पँटीतले एक, आणि तिघेही खाकरत आहेत.

त्या उठल्या. या देशात बैठकीत कोणी उठून बोलत नाही; सगळ्यांनी चमकून वर पाहिले.

"माझा विरोध आहे," त्या म्हणाल्या. "नावासकट लिहा. सुचित्रा केरकर."

अध्यक्ष गडबडले. "मेफ्राऊ केरकर, आपण बसून..."

"उभीच बोलते. पुरावा नसताना सहकाऱ्याला बाहेर काढणे मला मान्य नाही. एकमत मोडले. हे झाले पहिले. आता मसुद्याकडे येते. माझे मूळ वाक्य गाळून जो मजकूर केला आहे, त्यालाही माझा विरोध आहे. तोही नावासकट लिहा. मेफ्राऊ बोसमन यांचा विरोध आधीच नोंदलेला आहे. म्हणजे दोन नावे झाली. नियम आपणच वाचून दाखवला होता."

बास भिंतीपासून सुटला. "पण मागच्या सगळ्या बैठकांत मेफ्राऊ केरकरांनी संमती..."

"संमती मी कधीच दिली नाही. मी गप्प बसले." बाईंनी शैलेंद्रकडे मान वळवली, आणि इतके महिने लिफ्टजवळ जे मराठीत म्हटले ते त्या सर्वांसमोर स्वच्छ डचमध्ये म्हणाल्या. "माझी प्रत्येक हरकत मी या गृहस्थांना खाजगीत सांगितली, कारण ते माझ्या देशाचे आहेत आणि चार लोकांत त्यांना कमीपणा येऊ नये असे मला वाटले. ती चूक माझी. त्यांनी माझ्या हरकती मंत्र्यांच्या कचेरीत नेल्या आणि तिथे माझी संमती म्हणून सांगितल्या. शिवाय ज्या पक्षाचा मंत्री आहे त्याच्या जाहीरनाम्यातला शिक्षणाचा भागही त्यांनीच लिहिला, हे गेल्या आठवड्यात मला त्या पक्षाच्या माणसाकडून कळलेले आहे, आणि गटाला ते माहीत असावे. शैलेंद्र, मी म्हणते त्यात काही खोटे असेल तर आता सांग. इथे. टेबलावर."

शैलेंद्रचे कान लाल झाले. त्याने एकदा बासकडे पाहिले. बास आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहत होता. "खोटं नाही," तो शेवटी म्हणाला, आणि तेही डचमध्ये.

पाण्याचा पेला न्याहाळणाऱ्या सदस्याने घसा साफ केला. सल्लागाराचा पक्षाशी असलेला संबंध आम्हाला आधी का सांगितला नाही, असे त्याने विचारले. मग नखे पाहणारी बोलली. मग सगळेच एकदम बोलू लागले. अध्यक्षांनी दोन नावे लिहिली, त्यांखाली रेघ ओढली आणि जाहीर केले की विरोधी मत, गाळलेल्या मूळ वाक्यासह, मसुद्याला जोडून संसदेकडे जाईल. यान्नेके गटातच राहील. तिच्याबद्दलची सूचना मागे घेतली आहे.

बास बाहेर पडताना बाईंजवळ थांबला. "मग त्या बंदराच्या पाठाचे..."

"तो पाठ आता तुमच्या पुस्तकात येणार नाही, हे मला समजते," सुचित्राबाई म्हणाल्या. "बंदर कुठे जात नाही. पोर्तुगीज गेले, तुम्ही गेलात, साहेब गेला. ते आहे तिथेच आहे."

ट्रामच्या थांब्यापर्यंत दोघी सायकली हातात धरून चालत गेल्या.  थांबा आला तेव्हा यान्नेकेने विचारले, "तुला पुढच्या कामाला आता बोलावणार नाहीत. कळते आहे ना?"

"तुलाही विभागप्रमुख केले नव्हते."

यान्नेके थांबली. ते जुने सभागृह, ती मागची रांग तिच्या डोळ्यांत हळूहळू उजळत गेली. "ते तू अजून धरून बसली होतीस?"

"नाबरांच्या घरात देणे विसरत नाहीत," सुचित्राबाई म्हणाल्या. "तू तेव्हा म्हणाली होतीस, माझी वेळ आली की उठ. तुझ्या वेळेला मी फार उशिरा उठले, यान्नेके. उठले मात्र."

यान्नेकेने सायकल खांबाला टेकवली, लाल स्वेटरची बाही वर सारली आणि हात पुढे केला. सुचित्राबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"फिटले," यान्नेके म्हणाली. "सगळे."